गव्हाणे साहेबांचा पेनांचा डबा

गव्हाणे साहेबांमुळं माझं एक पेन गेलं. हिरवं, टोपणावर माझ्याच दातांच्या खुणा असलेलं. माझ्या पहिल्या गाळ्याच्या कागदावर मी त्याच पेनानं सही केली होती. ते कसं गेलं हे सांगायचं तर आधी गव्हाणे साहेब सांगावे लागतील.

आमच्या कंपनीची दुकानं आहेत. किराणा, कपडे, भांडी, सगळं एका छपराखाली. हेड ऑफिस शिरूरला. नव्या दुकानासाठी जागा ठरवायची हे माझं काम आणि ती कागदावर आणायची हे लीगलचं. लीगलचे प्रमुख गव्हाणे साहेब. उंच, वाकलेले, शर्टाचं वरचं बटण बाराही महिने लावलेलं. सह्यांची बैठक बसली की ते पिशवीतून जेवणाचा एक स्टीलचा डबा काढतात आणि टेबलाभोवती फिरवतात.

"पेनं इकडं."

जागामालकाचं पेन, माझं पेन, आमच्या मालकांचंसुद्धा. सगळी डब्यात, वर झाकण. मग करार पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचा. नंतर एकेकाकडं बोट करायचं, "आता तुम्ही मला सांगा." समोरच्यानं आपल्या शब्दांत सगळा करार सांगितला तरच झाकण उघडणार. "आधी कान, मग पेन," हे ते दिवसातून दहा वेळा म्हणतात. डब्याच्या तळाला एक घडी घातलेला कागद असायचा. पेनं खडखडू नयेत म्हणून असेल, असं आम्ही समजायचो.

त्यांच्या हाताखाली दोन वकील. त्यातली प्रज्ञा कोरेगाव भीमाची, जिभेनं तिखट. मसुदा झाला की तो चहा करणाऱ्या सुशीलामावशींना वाचून दाखवायचा असा साहेबांचा नियम. मावशींनी मान हलवली नाही तर मसुदा परत. एकदा प्रज्ञा म्हणाली, "सर, मावशींना कलम नऊ कळलं नाही." साहेब म्हणाले, "तुला कळलं?" ती म्हणाली, "नाही सर. मला वाटलं तुम्हाला कळलं असेल." साहेबांनी कलम नऊ स्वतः फाडलं.

दिवाळीत ऑफिस बंद असतं. भाऊबीजेला मात्र हा माणूस एकटा येऊन बसतो. लोकांची डब्यात राहून गेलेली पेनं टेबलावर पसरतो आणि एकेकानं रेघ ओढून बघतो. आम्ही हसायचो.

आता मी. मी शिरूरच्या बाजारात हातगाडीवर कांदे-बटाटे विकून वर आलो. समोरचा 'हो' म्हणाला की त्याच मिनिटाला सही घ्यायची. दुसऱ्या मिनिटाला त्याचा मेहुणा येतो, हे मला गाडीवरच कळलं. आणि सौदा अडला की मी उठून चपला घालतो. दारापर्यंत जायच्या आत लोक मागं बोलावतात. असा माझा धंदा. त्यात हा डबा!

तीन वर्षांपूर्वी मी दौंडच्या रस्त्यावर एक कोपऱ्याची जागा ठरवली. मांडवगण फराट्याचे आप्पा आणि त्यांचे दोन भाऊ मालक. दुसरी एक कंपनीही त्याच जागेच्या मागं होती, आणि मला दुकान दिवाळीआधी उघडायचं होतं. तीन कप चहात मी आप्पांना जिंकलं. पण सातबाऱ्यावर चौथं नाव निघालं, त्यांच्या बहिणीचं. अक्का, केडगावला दिलेली.

"तिचं काय न्हाई," आप्पा म्हणाले. "हक्कसोडीचा कागद तयार हाय. सोमवारी येऊन सही करंल."

"वाचून दाखवलाय?" गव्हाणे साहेबांनी विचारलं.

"बहिणीला काय वाचून दाखवायचं, साहेब? साडी घेतलीया."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. "मग केडगावला जाऊ."

अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. साहेब त्यांच्या समोर खाली बसले. आप्पा उभे, मी उभा. त्यांनी हक्कसोड वाचली, ओळ झाली की थांबून, गावच्या बोलीत सोपी करून. मग म्हणाले, "आता तुम्ही मला सांगा."

अक्कांनी शेंगेची फोलं झटकली. "म्हंजी भाव जमिनीचं धनी, आन् मी साडीची."

"अक्का!" आप्पा ओरडले. "आपलं कवाच ठरलं हुतं."

"तुमचं ठरलं हुतं. मला आज कळलं." त्या साहेबांकडं वळल्या. "दुकानाला मी आडवी येत न्हाई. कुठं सही करायची ती करते. पण नाव ऱ्हाऊ द्या. बापाच्या नावाखाली माझं नाव हाय, तेवढंच माहेर ऱ्हायलंय."

आप्पा पाय आपटत निघून गेले. माझा सौदा त्यांच्या मागोमाग गेला. मी साहेबांवर असा तापलो की शेजारची गाय दावं तोडून उठली. "घाला तुमचा तो डबा चुलीत!" असं म्हणून मी गाडीकडं निघालो. पेन डब्यातच राहिलं.

"शांत झालात की घेऊन जा," ते म्हणाले. मी अजून शांत झालेलो नाही.

केडगावच्या रेल्वे फाटकावर गाडी थांबली. मी म्हणालो, "एक सांगा, तुम्ही कंपनीचे वकील का त्या बाईचे?"

"कंपनीचा. उद्या ती म्हणाली की मला कळलं नव्हतं, तर तुमच्या दुकानाचं शटर कोर्ट ओढेल." मग मालगाडी जात राहिली आणि ते डब्याकडं बघत राहिले. "माझ्या बहिणीची हक्कसोड मीच लिहिली, शेळके. वकिलीची सनद मिळून महिना झाला होता. म्हणालो, ताई, इथं सही कर. तिनं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हणालो, तुला कळायचं नाही."

"मग?"

"तिचा नवरा गेला तेव्हा ती एक खोली मागायला आली. वडिलांनी तो कागद दाखवला. त्यानंतर ती आली नाही. मीही गेलो नाही. काय तोंडानं जाणार?" त्यांनी झाकण उघडून तळाचा घडी घातलेला कागद मला दाखवला. "फाटक उघडलं. चला."

पुढं मला सतरा दिवस लागले. आप्पांच्या ओसरीवर मी तीनदा चपला घातल्या. शेवटी चार नावांचा करार झाला. साहेब डब्याचं झाकण उघडेपर्यंत अक्का सगळी कलमं सांगत होत्या. पण दिवाळी हुकली. त्या दुसऱ्या कंपनीनं पलीकडच्या चौकात आधी नारळ फोडला, तो मला अजून ऐकू येतो. आणि मालकांनी बैठकीत शाबासकी कुणाला दिली? गव्हाणेंना.

त्या भाऊबीजेला मी ऑफिसात गेलो. भांडायलाच गेलो होतो. साहेब पेनांच्या रेघा ओढत बसले होते. माझं हिरवं पेन हातात होतं. भांडण तोंडात आलं होतं ते मी गिळलं आणि म्हणालो, "ताई कुठं असतात?"

"दौंडला. ती दार उघडणार नाही."

"जागा ठरवायचं काम कुणाचं? माझं. उठा. डबा घ्या."

दार ताईंनीच उघडलं. पांढरे केस, तोच वाकलेला खांदा. साहेबांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून कागद काढला आणि वाचायला लागले. घडीवरच्या ओळी पुसल्या होत्या. तिथंही ते अडले नाहीत.

"आता तू मला सांग, ताई."

ताईंनी सांगितलं. गट नंबर, चतुःसीमा, शेवटची ओळ, एक शब्द न चुकता. "पोरानं नक्कल आणून वाचून दाखवलाय मला, लई वर्सं झाली. पाठ हाय."

"मग आता मी—"

"तू वाचायचा ऱ्हायला हुतास."

त्यांनी हात पुढं केला. "पेन दे." साहेबांनी डब्यात हात घातला, नेमकं माझंच निघालं. ताईंनी कागद उलटा केला, पाठीवर फोन नंबर लिहिला आणि परत दिला. "असं न सांगता येत जाऊ नकोस. घरात काय केलेलं नसतं. ये आत."

पेन त्यांनी फोनच्या मागं, भिंतीच्या खिळ्याला टोपणानं अडकवून ठेवलं. मी बघितलं. आजवर परक्याच्या घरात माझी वस्तू सोडून मी निघालेलो नाही. आतून काडी ओढल्याचा आवाज आला आणि निरांजनाच्या तुपाचा वास.

मी चपला घातल्या आणि गाडीकडं निघालो. मागून कुणी बोलावलं नाही. मी मुद्दाम भरभर चाललो.