बॉनेटवरचे डोळे

गाडी घ्यायची असेल तर आधी मला विचारा, असं मी धाटावच्या आमच्या कंपनीत अख्ख्या शिफ्टला सांगून ठेवलं होतं. वर्षभर मी दुसरं केलं तरी काय? मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघितले. रोह्यात कुणी नवी गाडी आणली की पेढा तोंडात टाकायच्या आधी तिच्या खाली वाकून बघितलं. शेवटी ठरलं. पांढरी, डिझेलची गाडी घ्यायची, आणि शोरूमवाल्यांच्या गोड बोलण्याला अजिबात भुलायचं नाही.

रविवारी बायकोला, म्हणजे रोहिणीला घेऊन पेणला गेलो. शोरूममध्ये प्रणिता नावाची मुलगी होती. नोकरीला लागून तिला दुसराच आठवडा. पांढरी गाडी कुणीतरी चालवून बघायला नेली होती. "लाल आहे सर, मॉडेल तेच," असं म्हणून तिने आतून चावी आणली.

लाल गाडी गेटजवळ उभी होती. बॉनेटवर हा एवढा मोठा रिबिनीचा बो.

"सर, हा बो कसा काय..." प्रणिता म्हणाली.

"गिऱ्हाईक खूश करायची युक्ती आहे," मी रोहिणीला म्हटलं आणि बो काढून प्रणिताच्या हातात दिला.

आत सगळ्या सीटवर प्लास्टिक. मी ते टराटरा फाडून काढलं. प्लास्टिकवर बसून सीट कशी आहे हे कळतं का कधी?

"सर, एक मिनिट, मी जरा आत विचारून..."

"मॅडम, बसा. गाडीतलं मला कळतं."

मीटर बघितला तर गाडी जेमतेम वीसेक किलोमीटर फिरलेली. मी हळूच रोहिणीच्या कानात सांगितलं, "मीटर मागे फिरवलाय." रोहिणी म्हणाली, "अहो, हिला नंबर प्लेट पण नाय." मी हसलो. बायकांना ह्या गोष्टी कळत नाहीत. टेस्टच्या गाडीला कुठली आलीय नंबर प्लेट?

असा मी निघालो. गाडी मात्र झकास होती. लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली होती. तिथूनच हमरापूर जवळ. माझी बहीण अनिता तिथे दिलेली. तिच्या सासरी गणपतीचा कारखाना आहे. म्हटलं, दोन मिनिटं तोंड दाखवून येऊ. गाडीचं तोंड, माझं नाही.

अनिता दारातच होती. "दादा, घेतलीस?"

आता इथे 'नाही' म्हणायला काय झालं होतं? पण मागे तिची जाऊ उभी, शेजारीण उभी, आणि सगळ्यांचे डोळे त्या लाल गाडीवर. माझ्या तोंडून निघालं, "घेतलीच समज."

रोहिणीने मला असा चिमटा काढला की हात महिनाभर निळा होता.

अनिताची सासू हौसाबाई आतून ओरडली, "गो अनिता, नारल आन. लिंबू आन. पावन्यांची गाडी आली." मग चहा आला, चहाबरोबर पोहे आले, पोह्यांबरोबर शेजारी आले. प्रणिता बिचारी ओट्यावर बसून सारखी फोन लावत होती. कारखान्याच्या पत्र्याखाली तिला रेंजच मिळेना.

चहा पिऊन बाहेर आलो आणि जागीच उभा राहिलो.

गाडी माझ्याकडे बघत होती.

बॉनेटवर दोन डोळे. पापण्या, भुवया, बुबुळं, बुबुळात पांढरा ठिपका, सगळं जिथल्या तिथे. अनिताचा दीर केरू हातात ब्रश घेऊन समाधानाने उभा होता. हा केरू म्हणजे गणपतीचे डोळे काढण्यात पट्टीचा माणूस. त्याने डोळे काढले की मूर्तीला नजर येते, असं लोक म्हणतात. गाडीलाही आली होती.

"नजर नाय लागणार आता गाडीला," केरू म्हणाला. "आणि पुसायची भीती नाय. ऑइल पेंट हाय."

प्रणिताच्या हातातला बो खाली पडला.

घेतलेल्या गाडीवर बहिणीच्या दिराने हौसेने रंगवलं, त्याला रागवायचं कसं? आणि घेतलेली नाही म्हणावं तर नारळ फुटला होता, लिंबू टायरखाली चिरडलं होतं. तेवढ्यात हौसाबाई पिशवी घेऊन मागच्या सीटवर येऊन बसली. तिला पेणच्या बाजारात जायचं होतं. नव्या गाडीत पहिला मान तिचा.

परत येताना समोरून येणारे आपापल्या गाडीचा वेग कमी करत होते. एका स्कूटरवाल्याने तर हँडल सोडून हात जोडले.

शोरूमच्या गेटमध्ये शिरलो. जिथून गाडी उचलली होती तिथे आता मोठी रांगोळी. रांगोळीभोवती दहा-बारा माणसं, नवे कपडे, हातात पूजेचं ताट. मॅनेजर नितेश घामाघूम होऊन फोनवर बोलत होता. गाडी बघून त्याचा फोन कानावरच राहिला.

मग कळलं. टेस्टची लाल गाडी मागच्या आवारात उभी होती. ही गागोद्याच्या पुंडलिकरावांची. बुक केलेली. दुसऱ्या दिवशी आरटीओत पासिंग व्हायचं होतं, पण मुहूर्त आजचा म्हणून सगळं घर पूजेला आलं होतं. प्रणिताने चावी चुकीची उचलली होती.

पुंडलिकराव हळूहळू पुढे आले. बॉनेटजवळ उभे राहिले. त्या डोळ्यांकडे खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"देवाचे डोळे हायत," ते म्हणाले. "साक्षात देव गाडीवर येऊन बसला. ह्यापरता शकुन कुठला?"

मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच मागचं दार उघडलं आणि हौसाबाई उतरली. तिच्या पाठोपाठ वास उतरला. पिशवीत बाजारात विकायची सुकट होती, सुकी मासळी. वाटेतल्या खड्ड्यात पिशवी कलंडली असणार, कारण अर्धी सुकट सीटवर आणि उरलेली सीटखाली.

पुंडलिकरावांच्या बायकोने नाकाला पदर लावला. दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ.

"माळकरी घर हाय आमचं," ती म्हणाली. "ह्या गाडीत मी पाय ठेवायची नाय."

हौसाबाईला काहीच कळेना. ती म्हणाली, "बाय, ताजी हाय गो. घेतेस वाइच?"

पुंडलिकरावांनी चपला घातल्या. नितेश प्रणिताकडे वळला. "उद्यापासून यायची गरज नाही," तो म्हणाला, अगदी हळू आवाजात. प्रणिता रांगोळीकडे बघत उभी राहिली.

आणि तेव्हा मला त्या दिवसाचा सगळ्यात मोठा धक्का बसला.

"तिला काय बोलू नका," रोहिणी म्हणाली. "ती सारखी सांगत होती, ह्यांनी तिला बोलूच दिलं नाय. पुंडलिकरावांना नवी गाडी द्या. ही आम्ही घेतो."

"रोहिणी," मी म्हटलं, "ही पेट्रोलची आहे. लाल आहे."

"मला लालच हवी होती. तुम्ही वर्षभरात एकदा तरी विचारलंत?"

मी आठवून बघितलं. खरंच विचारलं नव्हतं.

प्रणिताची नोकरी राहिली. पुंडलिकरावांना आठवड्याभरात तशीच दुसरी गाडी मिळाली. पासिंगच्या आधी तरी डोळे पुसून घेऊ म्हणून मी केरूला रोह्याला बोलावलं. तो आला, जेवला, गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "एकदा काढलेले डोळे असे पुसायचे नसतात, पावनं." उलट थोडं काजळ वाढवून गेला.

आता गाडी रोहिणी चालवते. मला कंपनीच्या गेटवर सोडते. सिक्युरिटीवाला रोज टोपी काढून, हात जोडून, डोळे मिटून उभा राहतो. गाडी वळून दिसेनाशी झाली की मग तो डोळे उघडतो आणि मला म्हणतो, "आयकार्ड दाखवा."