डावखुऱ्यांचा मुलूख

बायस्कोप पाहून यायचं आणि तो राणीसाहेबांनी पाहण्याजोगा आहे की नाही ते सांगायचं, एवढंच काम तात्यासाहेबांनी मल्हाररावांवर सोपवलं होतं. तात्यासाहेब देवासच्या थोरल्या पातीचे खासगी कारभारी आणि मल्हारराव त्याच पातीच्या शिकारखान्यातले. धारच्या पाहुण्यांबरोबर नालछ्याच्या रानात गेले असताना ते जखमी वाघासमोर पाय न हलवता उभे राहिले होते, अशी त्यांची ख्याती. पाय हलतच नव्हते, हे त्यांनी अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

“चित्रात राक्षस आहे म्हणतात, म्हणून तुम्हांस धाडतो,” तात्यासाहेब म्हणाले. “दुसरा कोणी डोळे मिटून बसायचा.”

एका गावात दोन राज्यं असली की इकडून एक गेला म्हणजे तिकडूनही एक जाणारच. टेकरीच्या पायथ्याशी लागलेल्या तंबूत मल्हाररावांच्या शेजारच्या खुर्चीवर धाकट्या पातीचे उदाजीराव येऊन बसले. हे पागेतले जुने स्वार, मिशांना पीळ, शब्दाला धार. दोघांनी रामराम केला आणि दोघांनीही छाती जरा जास्तच पुढे काढली. मधल्या पडद्यावर भिश्त्याने पाणी मारलं, कारण ओल्या पडद्यातून चित्र पलीकडेही दिसतं आणि पलीकडे चटयांवर सगळ्या बायका बसल्या होत्या. त्यांतच मल्हाररावांच्या यमुनाबाई होत्या.

चित्र सुरू झालं. एक गोरा शिकारी पडक्या किल्ल्यात शिरतो आणि तिथल्या तळघरात काहीतरी राहत असतं. ते काहीतरी लवकर दिसेल तर शपथ. नुसती दाराची कडी हलायची, भिंतीवर सावली सरकायची, आणि पेटीवाला खालच्या सुरावर बोट दाबून बसायचा. मल्हाररावांना वाघाचं बरं वाटलं. वाघ यायचा तर येतो, असा खेळवत नाही. कडी पुन्हा हलली तसं त्यांनी फेट्याचा शेमला डोळ्यांवर ओढला आणि घाम पुसण्याचं निमित्त केलं. तो घाम शेवटपर्यंत पुसून झाला नाही.

डोळे मिटल्यावर तर आणखीच पंचाईत झाली. पडद्यावरचा राक्षस एक होता, मिटल्या डोळ्यांपुढे पाहिजे तेवढे होते. उठून जावं असं मनात यायचं आणि पुढे काय होतंय ते कळल्याशिवाय पाऊलही उचलवत नव्हतं. पडद्यामागून बायकांच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा त्यांना विलक्षण हेवा वाटला.

सकाळी यमुनाबाई न्हाणीत ऊन पाणी काढत होत्या. मल्हारराव उंबऱ्याशी घुटमळले.

“कालचं चित्र तुला कितपत समजलं, सांग बघू. चुकलीस तर मी आहेच.”

यमुनाबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि सगळं सांगितलं. तळघर, पायऱ्या, केसाळ हात, आणि मग गोऱ्याने डाव्या खांद्याला बंदूक लावून झाडलेली गोळी. “मला तर बाई त्या राक्षसाची दया आली. एकटाच होता बिचारा.”

“डाव्या खांद्याला?”

“डाव्याच. जेवतानाही डाव्या हाताने जेवत होता मेला. तुम्ही कुठे बघत होतात?”

“तुला विचारतोय,” असं म्हणून मल्हाररावांनी तांब्या उचलला.

तंबूचे खुंटे दोन्ही पात्यांच्या हद्दीत रुतले होते, म्हणून तात्यासाहेबांनी दुपारच्या बैठकीला साक्षीसाठी उदाजीरावांनाही बोलावलं होतं. परवानगीसाठी तंबूवाला दाराशी उभाच होता. मल्हाररावांनी गोष्ट अशी रंगवली की तात्यासाहेबांचा हुक्का विझला. बोलण्याच्या भरात शिकाऱ्याची जाण दाखवायचा मोह त्यांना आवरला नाही.

“गोळी डाव्या खांद्यावरून झाडली. आमच्या नजरेतून असली गोष्ट सुटत नाही.”

उदाजीरावांना एवढ्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. “तलवारही उजवीकडे लटकत होती. घोड्यावर चढला तोही उलट्या बाजूने. आम्ही स्वार, आम्हांला ते पहिल्यांदा दिसतं.”

“त्या मुलखात सगळे डावखुरेच,” मल्हारराव म्हणाले.

“घोडीही तशीच शिकवतात,” उदाजीरावांनी री ओढली. जन्मात पहिल्यांदाच दोन्ही पात्यांचं एकमत झालं होतं.

तात्यासाहेबांनी तंबूवाल्याकडे मान वळवली. “क्यों भिया, सगळे डावखुरे?”

तंबूवाला हात जोडून अवघडला. “हुजूर, आगे से तो सब सीधे हाथ वाले हे. परदे के पीछे से उल्टा दीखे हे. वां तो जनाना बेठे.”

मल्हाररावांना पाय आहेत की नाहीत ते कळेना, अगदी नालछ्याच्या रानातल्यासारखं. गावभर मिरवलेली अब्रू आता या बैठकीवरून उठते की काय, अशी धास्ती त्यांना पडली. उदाजीराव मिशा चाचपत छताकडे बघत होते.

तात्यासाहेबांनी सावकाश पानं जुळवली, एक यांच्यापुढे ठेवलं, एक त्यांच्यापुढे ठेवलं, आणि तंबूवाल्याला निकाल सांगितला.

“राणीसाहेब अवश्य पाहतील. चित्र बायकांना सोसण्यासारखं आहे. पुरुषांचं मात्र सांगवत नाही.”

एवढं झाल्यावर मल्हाररावांनी त्या तंबूकडे पुन्हा पाहूही नये. पण तो केसाळ हात नक्की केवढा, हे दिवसभर डोक्यातून जाईना. संध्याकाळी हुकूम नसताना, पदरच्या पैशाने तिकीट काढून ते त्याच खुर्चीवर जाऊन बसले. शेजारी उदाजीराव आधीच आले होते. पेटीवाल्याने सूर धरला तसे ते मल्हाररावांकडे झुकले.

“आज आळीपाळीने बघू. पहिलं रीळ तुम्ही, दुसरं मी. ज्याने बघितलं त्याने दुसऱ्याला सांगायचं.”

मल्हाररावांनी हातातला शेमला खाली सोडला. सौदा त्यांना पटला होता, पण शिकाऱ्याने रान पाहून मगच पाऊल टाकावं.

“तळघर कुठल्या रिळात येतं?”

उदाजीराव पडद्याकडे पाहत म्हणाले, “ते घरात विचारूनच आलोय.”