आत्या झालेले मास्साब

इथं झाशीत आमच्या शेजारचे मास्साब, म्हणजे शाळेतले मास्तर, ठेल्यावरच्या भोपळ्यालासुद्धा नामाचा प्रकार विचारतात! मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण ऐकून ऐकून पाठ झालंय. गाय हे सामान्यनाम, साऱ्या गायींचं. आमची कपिला हे विशेषनाम, तिचं एकटीचं.

एकदा मी दूधवाल्याला विचारलं, "भैया, दही खट्टी तो नहीं?"

मास्साब ओट्यावरून ओरडले, "खट्टा! अक्का, हिंदीच्या घरात दोनच खोल्या. एक बाप्यांची, एक बायांची. आपल्याकडे तिसरी आहे. ते दही, ते दूध, ते बाळ, सगळं तिथं मजेत!"

"आणि इंग्रजीत?"

"तिथं सगळं सामान अंगणात!"

दूधवाला म्हणाला, "मास्साब, पहले बर्तन तो लाओ."

आमचे हे गेले तेव्हा पोरं लहान होती. छावणीतल्या बंगल्यांवर भांडी घासली. तिथं मी नुसती 'बाई'. मग लेक तापानं गेली. दुसऱ्या दिवशीही भांडी होतीच.

आणि यंदा, इतक्या वर्षांनी, मुलाला मुलगी झाली! पण बारशाला आत्या कुठून आणायची? कानात नाव तर तिनंच सांगायचं. पूर्वी कुणाकडे अडलं की मास्साबांची बायको जायची, झाशीतल्या आम्हा मोजक्या मराठी घरांची ठरलेली आत्या. गेल्या वर्षी तीही गेली.

मास्साब सकाळपासून पेढे घेऊन हजर. "आज सामान्यनामाचं विशेषनाम होणार!"

"पण आत्या?" सून म्हणाली.

"मी आहे की!"

बाया हसून लोळल्या. "मास्साब, साडी नेसा मग!"

त्यांनी खरंच बायकोची शाल डोक्यावरून घेतली, पाळण्यात वाकले. आम्ही पाठीत धपाटे घातले, कुर्रर्र केलं. नाव ठेवलं रेवा. तरी मास्साब वर येईनात.

"अहो, दोन अक्षरांना एवढा वेळ?"

"माझंही सांगितलं," ते शाल सावरत म्हणाले. "मास्साब हे सामान्यनाम, अक्का. बायको 'अहो' म्हणायची. आई गेल्यापासून नावानं हाक कुणी मारली नाही. ही मोठी झाली की मारेल."

त्यांच्या दारावरची नावाची पाटी मी रोज वाचते. मी चुलीवरचा चहा उतरवला, कपात ओतला.

"विनायक," मी हाक मारली, "चहा घे, निवतोय."