म्हादबा गवा घाटात थांबतो

एका जंगलात एक डांबरी रस्ता होता. जंगलात डांबरी रस्ता कसा, असं मधेच विचारू नका. रस्ता एका पावसाळ्यापुरताच टिकायचा. पुढच्या वर्षी तो पुन्हा करत.

त्या रस्त्यावर म्हादबा नावाचा गवा ट्रक चालवायचा. अंगाने हा एवढा धिप्पाड, पण बोलायला अगदी गरीब. त्याच्या ट्रकचं नाव सगुणा. अकरा वर्षं तो सगुणा चालवत होता. सकाळी उठला की तिच्या चाकांवर लोखंडी सळई मारून आवाज ऐकायचा, तिला चार शब्द बोलायचा आणि मगच किल्ली फिरवायचा. त्याचा फार जीव होता तिच्यावर. पण गाडी त्याची नव्हती. ती मुंगूसशेठची होती.

मुंगूस तुम्ही पाहिलं असेल. ते चालत नाही, सुटतं. आमचे मुंगूसशेठ तर झोपतानासुद्धा एक पाय खाटेखाली ठेवायचे. उठायला वेळ जायला नको म्हणून.

आधी शेठ ड्रायव्हरांना निरोप धाडून विचारायचे, "कुठे पोचलात?" ड्रायव्हर उलट निरोप धाडायचे, "आलोच, नाक्यावर आहे." असा निरोप धाडणारा त्या वेळी घरी अंगाला साबण लावत असे. हे कळल्यावर शेठनी प्रत्येक गाडीत एक पोपट बसवला.

पोपटाने दर कोसाला ओरडायचं, "उशीर झाला, उशीर झाला." मग गाडी कुठे आहे ते रस्त्यावरच्या पोपटाला सांगायचं. तो पुढच्या झाडावरच्याला सांगायचा. असं करत करत खबर शेठच्या कानात. म्हादबाच्या पोपटाचं नाव राघू. बिचाऱ्याला चार वर्षांत एक डुलकी मिळाली नव्हती.

एका सकाळी शेठनी म्हादबाला बोलावलं.

"सिंहमहाराजांचा माल आहे. चारच्या ठोक्याला राजधानीच्या गोदामावर पोचला पाहिजे."

"कसला माल, शेठ?"

"पाट्या आहेत. 'वाहने सावकाश हाका.' उद्यापासून रस्ता सुरक्षा सप्ताह आहे. तेव्हा उडवत ने."

"शेठ, घाट लागतो. उतारावर मधे थांबून ब्रेक गार करावे लागतात."

"थांबलास तर सगुणा तरसाला देईन. तो थांबत नाही."

ते मात्र खरं होतं. तरसाने मागच्या दोन गाड्या दरीत घातल्या होत्या. पण दोन्ही वेळेच्या आत.

म्हादबा निघाला. वाटेत अस्वलीणबाईंचा ढाबा लागला. "भाऊजी, गरम भाकरी काढलीय," असं त्या ओरडल्या. म्हादबाने नुसती मान हलवली. राघू ओरडतच होता. भुकेने पोटात खड्डा पडला, तरी म्हादबाने गाडी दामटली.

घाट चढून झाला आणि उतार सुरू झाला. चार वळणं गेली. पाचव्या वळणावर ब्रेकचे लायनर जळल्याचा वास आला. पायाखालचं ब्रेकचं पॅडल मऊ लागायला लागलं.

"उशीर झाला," राघू म्हणाला.

"राघ्या, गप. मला विचार करू दे."

विचार काय करायचा होता? थांबलं तर सगुणा शेठ काढून घेणार. न थांबलं तर दरी. म्हादबा मनाशी म्हणाला, शेठनी घेतली तर निदान येता-जाता रस्त्यात दिसेल तरी. त्याने खालचा गिअर टाकला आणि पुढच्या वळणावर जांभळीखाली गाडी उभी केली.

ती सगळ्या ड्रायव्हरांची जुनी जागा. उतरणारा प्रत्येकजण तिथे थांबायचा, चाकाखाली दगड लावायचा, आणि जाताना ते दगड पुढच्या गाडीसाठी कडेला रचून ठेवायचा. आता दगडांवर गवत माजलं होतं. म्हादबाला फार वाईट वाटलं. त्याने गवत उपटलं, दगड काढले, चाकांना लावले.

"थांबलो हे मला कळवावं लागेल," राघू म्हणाला.

"कळव बाबा. तुझी नोकरी आहे."

राघूने कळवण्यासाठी चोच उघडली, पण जांभईच आली. गाडी हलत नव्हती, वारं गार होतं. तो जागच्या जागी झोपला. चाकं गार झाल्यावरही म्हादबाने त्याला उठवलं नाही. अलगद सगुणा काढली आणि पाच वाजता गोदामावर पोचला.

गोदामाचं गेट बंद होतं. बाहेर सतरा ट्रक रांगेत उभे. गेटवर साळिंदर वॉचमन तंबाखू मळत बसला होता.

"पाट्या घेऊन आलोय. उशीर झाला," म्हादबा म्हणाला.

"या सतराही गाड्या पाट्यांच्याच आहेत, पाव्हणं. पहिली सोमवारी वेळेवर आली. तेव्हापासून वेळेवर उभी आहे."

"मग सप्ताह?"

"महाराजांना सवड नाही. पुढे ढकललाय."

"कधीवर?"

"ते घाईघाईत ठरवायचं नाही, असं ठरलंय."

म्हादबाला हायसं वाटलं. इतक्यात, घाटातून पुढे खबर आली नाही म्हणून, मुंगूसशेठ तरसाला घेऊन हजर झाले.

"किल्ली आण," शेठ म्हणाले.

"शेठ, गेट उघडलंच नाहीये."

"गेटचं मला सांगू नकोस. चारला येऊन थांबला असतास तर वेळेवर थांबलास म्हणालो असतो. तू पाचला येऊन थांबलास. त्याला उशीर म्हणतात."

म्हादबाने किल्ली दिली. त्याचे डोळे भरून आले होते. तो तरसाला म्हणाला, "जीवाला जप तिच्या. उतारावर जरा थांबत जा."

"वेळ कुणाला आहे?" तरस म्हणाला. आणि रांगेत अठरावा उभा असताना त्याने हॉर्न दाबून धरला.

सगुणा नऊ दिवस रांगेत उभी होती. दहाव्या दिवशी गेट उघडलं, माल उतरला. शेठनी फर्मावलं, "नऊ दिवस वाया गेलेत, आज भरून काढ." तरसाने रिकामी गाडी घाटावर चढवली आणि पलीकडच्या उतारावर सोडली. तिसऱ्या वळणावर त्याने उडी मारली. सगुणाला उडी मारता येत नव्हती.

म्हादबा दरीच्या काठावर बसून लहान पोरासारखा रडला. शेठही आले, पण त्यांना बसायला वेळ नव्हता. चौकशी समितीने तरसाला निर्दोष सोडलं, कारण तो कुठेही थांबला नव्हता. म्हादबाच्या नावापुढे मात्र शेरा आजही आहे: वाटेत थांबतो.

तात्पर्य: बाळांनो, थांबणं कुणालाच चुकत नाही. म्हणून आधी धापा टाकत पोचावं आणि मग थांबावं. वाटेत थांबणाऱ्याला आळशी म्हणतात, बंद गेटापुढे थांबणाऱ्याला वेळेचा पक्का म्हणतात, आणि दरीत थांबणाऱ्याला तर कुणी काहीच म्हणत नाही.