टिकली लावलेलं मशीन

“बटण दाबायचं आणि झोपायचं, नामाशेठ! वरची टाकी रिकामी झाली की पंप आपोआप चालू, भरली की आपोआप बंद. आता ह्यात माणसाचं कामच उरलं नाही!”

हे वाक्य कृष्णातने इतक्या थाटात टाकलं की शेजारी उभ्या असलेल्या तेजश्रीने, म्हणजे त्याच्या बायकोने, हळूच डोळे मिटून घेतले. नवऱ्याचा थाट वाढला की पुढे काय होतं ते तिला लग्नापासून ठाऊक होतं.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. कृष्णात मूळचा साताऱ्याकडचा, राहायला कोपरखैरण्याला. महाप्याच्या एका कंपनीत बरी नोकरी होती, ती ह्या पठ्ठ्याने सोडली. का? तर स्वतःच्या डोक्याने मशीन बनवायचं! आणि गिऱ्हाईक मिळालं ते नामाशेठ. वाशी गावातले जुने भूमिपुत्र. एके काळी भातशेती होती, आता शेताच्या जागी बिल्डिंगी. प्रत्येक बिल्डिंगीत पंप, आणि प्रत्येक पंपावर एक झोपलेला वॉचमन. टाकी भरून पाणी रस्त्यावर आलं की आख्ख्या गावाला कळायचं, वॉचमन सोडून.

“एका बिल्डिंगीला लाव,” नामाशेठ म्हणाले होते. “चालला त सगल्या बिल्डिंगींना लावू. नाय चालला त घरी जा.”

आणि घरी जायची सोयही झाली होती! साताऱ्याहून धनाजीमामा आले होते. कृष्णातच्या आईचे, वेणूबाईंचे, थोरले भाऊ. तिकडच्या साखर कारखान्यात त्यांनी भाच्यासाठी सुपरवायझरची जागा धरून ठेवली होती. “रविवारी तुजं मशीन बघतो,” मामा म्हणाले. “चाललं तर र्‍हा हितं. न्हाई चाललं तर सोमवारी सकाळच्या यष्टीत तू, मी आन् तुजा संसार.” तेजश्री वाशीच्या शाळेत शिकवायची. तिची नोकरी, त्यांची भाड्याची खोली, कृष्णातचं स्वप्न, सगळं त्या एका मशीनवर येऊन ठेपलं.

आता हे मशीन म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्याचा मेंदू म्हणजे गोमेसारखी दोन्ही बाजूंनी पाय असलेली एक चिप. तिच्या पाठीवर मधोमध एक छोटी काचेची खिडकी. कृष्णातने लिहिलेला प्रोग्राम ह्या चिपच्या पोटात भरायचा. प्रोग्राम चुकला, आणि तो चुकायचाच, की चिप एका खास जांभळ्या ट्यूबखाली ठेवायची. खिडकीतून तो उजेड आत शिरला की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. मग पुन्हा नवा प्रोग्राम. मोठ्या कंपन्यांकडे चिपच्या पोटात काय चाललंय ते पडद्यावर दाखवणारी यंत्रं होती. कृष्णातकडे काय होतं? एक मल्टिमीटर आणि एक लाल दिवा! दिवा लुकलुकला की प्रोग्राम जिवंत. नाही लुकलुकला की चिप परत डब्यात. डबा म्हणजे तेजश्रीच्या रुखवतातला चकलीचा डबा. त्याच्या झाकणाला आतून ट्यूब बसवल्यापासून घरात चकली झालीच नव्हती.

आणि टाकी? टाकी म्हणजे तेजश्री. शाळेतून आली की ती मोरीत दोन बादल्या घेऊन बसायची. कृष्णात ओरडायचा, “भर!” की ही मगाने भरायची. “रिकामी!” की उपसायची. एकदा प्रोग्राममध्ये असा उलटा कारभार झाला की बादली भरली की पंप चालू आणि रिकामी झाली की बंद! तेजश्री भिजल्या साडीने उठली, म्हणाली, “अहो, ह्यापेक्षा तो झोपलेला वॉचमन हुशार.” आणि पुन्हा बसली बिचारी मग घेऊन. आपली बायको शहाणी आहे आणि तरीही मोरीत बसते, ह्याचं कृष्णातला मनातून फार कौतुक होतं. तोंडाने मात्र तो फक्त “भर!” एवढंच म्हणायचा.

शेवटी मशीन चाललं. शेठला आतले दिवे दिसावेत म्हणून पारदर्शक झाकणाच्या पेटीत बसवलं. चिपच्या खिडकीतून उजेड जाऊन काही पुसलं जाऊ नये म्हणून वर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला. रविवारी सकाळी निघायच्या गडबडीत वेणूबाईंनी विचारलं, “ही काळी पट्टी कशाची रं?”

“तो त्याचा डोळा आहे आई. झाकून ठेवायचा असतो.”

“कंदीपत्तर?”

“अगं चालू होईपर्यंत तरी हात लावू नकोस!” कृष्णात वैतागून म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला पळाला. हे उत्तर त्याला किती महागात पडणार होतं, ह्याची त्याला कल्पना नव्हती.

नामाशेठनी हौसेला मोल ठेवलं नव्हतं. बिल्डिंगीच्या आवारात, पंपाच्या खोलीला लागून मांडव घातला. खुर्च्या, जिलब्यांची परात, आणि फोटो काढायला पोपट. पोपट म्हणजे वाशी गावातल्या प्रत्येक लग्नाचा फोटोग्राफर. त्याचा फ्लॅश एवढा जबरदस्त की गावातल्या निम्म्या नवरदेवांचे फोटोत डोळे मिटलेले.

मशीन भिंतीवर बसलं. झाकण उघडून वेणूबाईंनी पूजा केली. हळद, कुंकू, फूल, उदबत्ती. नामाशेठनी नारळ फोडला आणि बटण दाबलं.

घर्रर्र! पंप चालू झाला. थोड्या वेळाने वरची टाकी भरली आणि कोणीही हात न लावता पंप बंद झाला! टाळ्याच टाळ्या! मामांनी मिशीवरून हात फिरवला. तेजश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. कृष्णातची छाती शर्टाच्या गुंड्या तोडायला आली.

“अरे थांबा थांबा!” पोपट धावत आला. “माझा रोल भरायचा होता ना! शेठ, परत बटणावर बोट ठेवा. दाबू नका, नुसतं ठेवा. स्माईल!”

लख्ख!

घर्रर्र!

भरलेली टाकी आणखी भरू लागली. गच्चीतून पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपाचं तोंड नेमकं मांडवाच्या वर! बघता बघता मांडवाच्या कापडाला गाभण म्हशीसारखं पोट आलं.

“बंद कर! बंद कर रं त्याला!” नामाशेठ ओरडले.

कृष्णातने मेन स्विच पाडला. पुन्हा लावला. मशीन शहाण्यासारखं गप्प! लाल दिवा लुकलुकतोय, पंप बंद. “काही नाही, वायर सैल असेल,” तो म्हणाला आणि सगळ्या वायरी आवळल्या.

“बेस्ट!” पोपट म्हणाला. “आता शेठ आणि इंजिनियरसाहेब, एकदम शेकहॅन्ड! स्माईल!”

लख्ख! घर्रर्र!

ह्या वेळी मांडवाचं पोट फुटलं. सगळं पाणी थेट धनाजीमामांवर! डोक्यावरचा फेटा नाकावर आला. जिलब्या परातीतून पोहत निघाल्या.

“व्होल्टेज!” मेन स्विच पाडत कृष्णात किंचाळला. “व्होल्टेज कमी-जास्त होतंय!”

“व्होल्टेज न्हाई,” मामा फेटा पिळत म्हणाले. “शेठचा हात लागला की बिघडतंय बघ.”

“माजा हात?” नामाशेठ तापले. “मामा, ह्या हातानं मी सगल्या बिल्डिंगींचे नारल फोडलंय! एक तरी पडली काय?”

“मग तुमी लांब उभं र्‍हावा. बघू तरी!”

नामाशेठ तरातरा जाऊन फाटकापाशी उभे राहिले. कृष्णातने स्विच लावला. मशीन शांत. सगळे श्वास रोखून बघतायत. शांत! मामा विजयी मुद्रेने म्हणाले, “बगा! म्या काय म्हनलो?”

“मामा, तुमचा तसाच फोटो!” पोपट म्हणाला. “ओला फेटा, काय कडक दिसताय!”

लख्ख! घर्रर्र!

कृष्णातने धावत जाऊन स्विच पाडला, पण आता मात्र नामाशेठचा संयम सुटला. “ए इंजिनियर! यो मशीन हाय का भूत हाय? काड बायेर!”

 मामा नुसते म्हणाले, “सकाळची यष्टी सातला हाय.”  कृष्णातला साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येऊ लागला.

तेवढ्यात तेजश्री पुढे आली. “अहो, जरा ऐका. मशीन शेठमुळे बिघडत नाही, व्होल्टेजमुळेही नाही. फोटो काढला की बिघडतं.”

“हॅ! फोटोचा काय संबंध? फ्लॅशचा उजेड चिपला कळणार कसा? तिच्या डोळ्यावर तर टेप…” कृष्णातने पेटीत डोकावून बघितलं. टेप नव्हता! काचेची खिडकी लख्ख उघडी, भोवती हळदीकुंकवाची छान महिरप. फ्लॅश पडला की चिपला भोवळ यायची आणि प्रोग्राम भरकटून पंप चालू करून बसायची!

“आई! इथली काळी पट्टी कुठाय?”

“काढली की!” वेणूबाई शांतपणे म्हणाल्या. “गावच्या देवळात नव्या मूर्तीच्या डोळ्यांवरची पट्टी पूजंच्या वक्ताला काढत्यात. त्याबिगर देव जागा व्हतोय व्हय? तूच म्हनलास, चालू हुईपत्तर हात लावू नगं. म्हनून नारळ फोडायच्या वक्ताला काढली. आन् काढली तरी काय, नुसतं बोट लावलं तर गळून पडली. चार दिस घरच्या खिडकीत उन्हात पडून पार वाळली हुती.”

सगळे हसू लागले. कृष्णात हसला नाही. त्याने पंपाच्या खोलीच्या खिडकीकडे बघितलं. दुपारचं ऊन बरोबर पेटीवर पडत होतं. टेप तर वाळलेलाच. आज आईने काढला नसता तर आठवड्याभरात आपोआप गळला असता. मग रोजच्या उन्हाने हळूहळू सगळा प्रोग्राम पुसला गेला असता, आणि तोवर नामाशेठच्या प्रत्येक बिल्डिंगीत तसंच मशीन लागलेलं असतं!  तो वाकला आणि सगळ्यांसमोर आईच्या पाया पडला.

“पाया नंतर पडा,” तेजश्री म्हणाली. “आधी ते झाका.”

“कशाने झाकू? टेप घरी राहिला.”

तेजश्रीने क्षणभर विचार केला, कपाळावरची मखमली टिकली काढली, चांगली मोठी, गडद मरून, आणि चिपच्या खिडकीवर दाबून बसवली. काठोकाठ बसली! जणू त्या मापानेच केलेली.

कृष्णातने स्विच लावला. “पोपट,” तो म्हणाला, “काढ फोटो.”

मांडवाखालची माणसं भराभर बाजूला झाली. मामांनी खुर्ची उलटी करून डोक्यावर धरली.

लख्ख!

काही नाही. लाल दिवा आपला लुकलुकतोय. लख्ख! लख्ख! लख्ख! पोपटने रोल संपवला. पंप हूं की चूं नाही!

नामाशेठनी पेटीत वाकून बघितलं. कुंकू, फूल, मधोमध टिकली. “आता कशी घरातली वाटते,” ते म्हणाले. “सगल्या बिल्डिंगींना लाव. आपली जबान हाय.”

मामा दुसऱ्या दिवशी एकटेच सातच्या यष्टीत बसले. जाताना म्हणाले, “आमच्या हिरीवरच्या मोटरीला बी एक करून दे. पर टिकली सूनबाईच्या हातची पायजे.”

त्या संध्याकाळी कृष्णातने चकलीच्या डब्यातली ट्यूब काढली, डबा घासून पुसून तेजश्रीसमोर ठेवला आणि म्हणाला, “तू होतीस म्हणून झालं.” एवढं सरळ वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं. तेजश्री लाजली. मग म्हणाली, “बरं, आणि पुढची चिप पुसायची कशात?” ट्यूब परत डब्यात गेली.

पुढे दोनेक वर्षांत बिनखिडकीच्या चिपा आल्या. काच नाही, उजेडाची भीती नाही, काही झाकायचीच गरज नाही. कृष्णातने मोठ्या अभिमानाने त्या चिपचं नवं मशीन नामाशेठच्या नव्या बिल्डिंगीत बसवलं आणि अर्धा तास तिचं तंत्र समजावून सांगितलं. शेठनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग पेटीत वाकून बघितलं.

“समदं बराबर हाय. पन हिचा कपाल कोरा कशापायी?”

कृष्णातने निमूटपणे खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं.