चार बोटं वर

बेसिनचं नवं कपाट भिंतीला लावताना बाबांनी पेन्सिलीची खूण केली ती सोबत आलेल्या कागदावरच्या मापापेक्षा चांगली चार बोटं वर, आणि तिथंच सगळं बिनसलं.

"बाबा, उंची कागदावर छापलीय," मुलगा म्हणाला.

"कागदानं तुझ्या आईला कधी पाहिलंय? वाकायचं नाही असं डॉक्टरांनी तिला सांगितलंय, कागदाला नाही."

बाबा शिंपी. चाळीस वर्षं टेप गळ्यात, पण ती आपली शोभेला. माप सगळं नजरेत. आई कमरेच्या ऑपरेशननंतर महिनाभर लेकीकडे होती, ती आज संध्याकाळी परत यायची होती. तिला न वाकता चूळ भरता यावी, एवढ्यासाठी हा माणूस सकाळपासून जेवला नव्हता.

कपाट वर गेलं, म्हणून बेसिनचा पाइप भिंतीतल्या भोकापर्यंत पोचेना. मुलानं दुकानातून जोडतुकडा आणला. तो बसवला, तर आतलं वायसर उलटं. ते सुलटं करायला त्यानं कपाटात डोकं घातलं आणि इकडे बाबांना कुठला धीर! त्यांनी नळ सोडला.

"बाबाऽ!" कपाटातून आधी आवाज आला आणि मग ओलाचिंब मुलगा.

"टाका सैल पडलाय तुझा," बाबा म्हणाले. "घट्ट आवळ."

मुलानं रागाच्या भरात असा आवळला, की प्लास्टिकचा नटच तडकला. पुन्हा दुकान. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी इथंच एक खुर्ची टाकू का?"

शेवटी पाच वाजता पाणी निमूटपणे भिंतीत गेलं. खाली थेंब नाही. बाबांनी कोरडं फडकं पाइपावर तीनदा फिरवून खात्री केली, मग केस विंचरून दारात जाऊन बसले.

आई आली. तशीच बेसिनपाशी गेली. बेसिनची कड थेट तिच्या छातीला लागली. चूळ टाकायला बिचारी टाचा उंच करायला लागली.

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "असं कसं होईल? तुझं माप पाठ आहे मला!"

"ते लग्नातलं," आई म्हणाली. "आता सांगूनच टाकते. दहा वर्षं झाली, तुम्ही शिवलेला प्रत्येक गाऊन मी दुपारी गुपचूप चार बोटं दुमडून घेते."

"मग सांगायचंस की!"

"इतक्या हौसेनं शिवता. कसं सांगू?"

बाबांनी गळ्यातली टेप काढली. गुडघे टेकून तिच्या टाचेपाशी धरली आणि हळूहळू वर नेली. आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"एवढीशी कधी झालीस गं?"

"तुम्ही मशीनवर मान खाली घालून बसायचात ना, तेव्हा."

मुलगा पाना घेऊन पुन्हा कपाटात शिरला. एक नट सैल करायला त्याला उगाचच खूप वेळ लागला.