माझी हरकत न्हाय, पण…

आमच्या शेजारचे आप्पा साड्या विणतात, आणि पाहुणे आले तरी माग बंद करत नाहीत. पाहुण्यांनी ओरडून बोलावं. पोटच्या मुलीचं लग्नही त्यांनी माग चालू ठेवून, ओरडूनच ठरवलं. तोच माग मे महिन्यात रोज संध्याकाळी सातला बंद होतो, आणि अख्ख्या वडगावला कळतं, आप्पांच्या घरी सुट्टीची बैठक बसली.

बैठक फोनवर असते. थोरला पुण्यात, धाकटा बेंगळुरात, मुलगी हुबळीत. बायको, आक्का, वारल्यापासून घरात आप्पा एकटेच. तिन्ही तोंडं पडद्यावर आली की आप्पा टोपी सारखी करतात.

"आप्पा, गोव्याला जाऊ या?"

"माझी हरकत न्हाय, पण…"

या 'पण'पुढे आजवर एकही गाव टिकलेलं नाही. गोव्यात घाम लई येतोय. महाबळेश्वरात माकडं हातातलं काढून घेत्यात. म्हैसूरचा राजवाडा चांगला, पण नुसता बघायचा, ऱ्हायला कोण देतंय? पोरं दमतात, "उद्या बोलू" म्हणतात. गेल्या वर्षी असं उद्या-उद्या करता करता शाळा उघडल्या, कुणीच कुठं गेलं नाही. आप्पा मात्र सगळा देश फिरून आल्यासारखे ताजेतवाने दिसत होते.

मला त्यांचा रागच यायचा. पोरं एवढी हौसेनं विचारतात आणि हे दरवेळी नाट लावतात!

यंदा धाकट्यानं उटी काढली. आप्पा म्हणाले, "माझी हरकत न्हाय," आणि नेमका ठसका लागला. 'पण' घशातच राहिला. तिकडे पोरांनी टाळ्या पिटल्या, ठरलं म्हणून फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सात वाजून गेले तरी मागाची खडखड चालूच. मी आत जाऊन ओरडलो, "आप्पा, जमलं की एकदाचं!"

"व्हय, ठरलं." त्यांनी मागावरची नजर उचलली नाही. "ठरलं की फोन बंद हुतोय रं. चार दिवस उटी बघायची. मग दिवाळीपतोर कोण फोन करतंय?"

एवढ्या खडखडीतही मला ते स्पष्ट ऐकू आलं. फार वाईट वाटलं.

मग जरा जवळ सरकलो. "आप्पा, माझी हरकत न्हाय, पण… उटीला आता लई गर्दी असतीया म्हणं."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. माग बंद केला, आणि टोपी सारखी करत फोन शोधायला लागले.